दोन पानांचे स्वगत आणि अख्खी वस्ती

प्रश्न : (एका वाचक तरुणीच्या दीर्घ पत्राचा हा गोषवारा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखिका २७ वर्षांच्या असून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतात. महाविद्यालयात असताना त्यांनी एकांकिकांमधून कामे केली होती. गेली दीड वर्षे त्या दर रविवारी नासर्डीकाठच्या एका वस्तीतील १३ ते १८ वयाच्या चौदा मुलामुलींसह नाटक, गाणी आणि चित्रे असा उपक्रम चालवतात. वस्तीतल्या मंडळाने त्यासाठी समाजमंदिराची खोली विनामूल्य दिली आहे. यंदा गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर मुलांचा पाऊण तासाचा कार्यक्रम व्हावा आणि त्याच्या खर्चासाठी पंधरा हजार रुपये द्यावेत, असे ठरले होते. मुलांनी सगळे स्वतः लिहिले : रात्री दोन वाजता येणारे पाणी, एका मुलीची सुटलेली शाळा, नाल्याचा वास. त्यात १६ वर्षांच्या एका मुलीने दारू पिणाऱ्या वडिलांवर दोन पानांचे स्वगत लिहिले. तिने ते वाचले तेव्हा खोलीतले सगळे रडले आणि ती ते मंचावर सादर करायलाही तयार आहे. संहिता वाचल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितले की सणाच्या दिवशी हे नको, पाहुणे येणार आहेत, स्वच्छता किंवा व्यसनमुक्ती असा चांगला संदेश देणारे काहीतरी बसवा. गटातील चार मुलांना तर केवळ चित्रपटगीतावर नाचायचे आहे. पत्रलेखिका विचारतात की मुलांचा आवाज असा दाबू द्यावा का. मंडळाशी भांडून कार्यक्रम दुसरीकडे करावा की तडजोड करावी. आणि त्या चार मुलांना गंभीर विषयांकडे कसे वळवावे. कार्यक्रमाला एखादे चांगले नाव सुचवावे, अशीही त्यांची विनंती आहे.

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना मी सर्वस्वी तुमच्या बाजूची होते आणि अध्यक्षांचा मला मनापासून राग आला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एक गोष्ट खटकली. चार पानांच्या पत्रात अध्यक्षांचे म्हणणे आहे, तुमची घालमेल आहे, खोलीतल्या रडण्याचे वर्णन आहे. परंतु जिच्यावरून हा सगळा प्रश्न उभा राहिला त्या मुलीचे स्वतःचे असे एकच वाक्य आहे, ‘ताई, मी करते.’ हे ती कधी म्हणाली, कोणी विचारल्यावर म्हणाली, तिच्या आईला याची कल्पना आहे का, आणि कार्यक्रम आटोपल्यावर त्या रात्री ती कोणत्या घरी झोपायला जाणार आहे, यांपैकी काहीच पत्रात नाही. म्हणून मंडळाचा विचार आपण नंतर करू. आधी त्या मुलीचा करू.

‘मुलांचा आवाज दाबला जातो आहे’ असे तुम्ही लिहिता. मुलीने खोलीत जे वाचले तेच मंचावरून म्हणणे ही त्या आवाजाची साहजिक पुढची पायरी आहे, असे तुम्ही त्यात धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. खोलीत चौदा जण होते, दार लोटलेले होते आणि दीड वर्ष न चुकता येणारी ताई समोर बसलेली होती. तिने लिहिले ते तेवढ्या माणसांसाठी. मंडपात तिचे वडील असतील, काका असतील, ज्याच्याकडून उधारीवर साखर येते तो दुकानदार असेल, वर्गातली मुले असतील. शब्द तेच राहिले तरी त्यांचे वजन तेच राहत नाही. मन मोकळे करणे आणि चारचौघांपुढे मांडणे या दोन निरनिराळ्या गोष्टींना आपण हल्ली ‘व्यक्त होणे’ या एकाच शब्दात कोंबले आहे, आणि त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा मुलांना पडतो.

हे मला अनुभवाने कळले आणि त्या अनुभवाची किंमत दुसऱ्यानेच मोजली. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी मुलांची उन्हाळी नाट्यशिबिरे घेत असे. एका शिबिरात बारा वर्षांच्या मुलाने आई घर सोडून गेली त्या दिवसाबद्दल लिहिले. मी ते नाटुकल्यात घेतले आणि त्यालाच करायला लावले. समारोपाला सभागृहातून हुंदके ऐकू आले, पालकांनी माझे हात हातात घेतले, आणि मला वाटले की आपण काही मोलाचे काम केले. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर त्याच नाटुकल्यातल्या एका वाक्यावरून वर्गातली मुले त्याला चिडवू लागली, ते पुढे दोन वर्षे चालले. तो शिबिराला पुन्हा आला नाही. मी त्याला विचारले नव्हते असे नाही. विचारले होते आणि तो ‘हो’ म्हणाला होता. पण ज्या बाईंनी आपल्या लेखनाला सर्वांसमोर शाबासकी दिली त्यांना ‘नाही’ कसे म्हणायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते, मीही नाही.

तुमची मुलगी सोळा वर्षांची आहे आणि त्या मुलापेक्षा तिला जगाची अधिक समज असणार. तरीही तिच्या ‘मी करते’ मध्ये खोलीतल्या त्या रडण्याचा वाटा किती, हे तुम्ही शोधून काढायला हवे. मुलांना फार लवकर कळते की ताईच्या डोळ्यांत पाणी कशाने येते. त्या रविवारनंतर इतर मुलांनी लिहिलेले कागद काढून पाहा. त्यांतली दुःखे एकाएकी गडद झालेली दिसली, तर ती त्यांच्या आयुष्यातून आली की तुमच्या चेहऱ्यावरून, हा प्रश्न स्वतःला विचारा.

तिला पुन्हा विचारा, पण गटासमोर नको आणि लगेच उत्तर मागू नका. एकटीला भेटून आधी सांगा की तुझे स्वगत असले किंवा नसले तरी कार्यक्रम होणार आहे, म्हणजे चौदा जणांचा भार तिच्या एका ‘हो’वर राहणार नाही. मग विचारा की हे कोणी ऐकावे असे तुला सर्वांत जास्त वाटते, आणि कोणी ऐकू नये असे वाटते. या दोन प्रश्नांची उत्तरे ‘करशील का’ या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा खूप काही सांगून जातात. कदाचित तिला ते फक्त आईने ऐकायला हवे असेल. तसे असेल तर त्यासाठी मंडप लागत नाही. आठ दिवसांनी पुन्हा भेटा. आणि अगदी कार्यक्रमाच्या संध्याकाळी, तोंडाला रंग लावल्यानंतरसुद्धा, कारण न सांगता आपला कागद मागे घेण्याचा अधिकार तिला आहे, हे तिला व सर्व मुलांना आजच सांगून ठेवा. शिक्षक, ग्रंथालयातले कार्यकर्ते, वसतिगृहाच्या अधीक्षिका अशा अनेकांची मुलांच्या लेखनाविषयीची पत्रे माझ्याकडे येतात. त्या सर्वांना मी हा एक नियम तरी लिखित करून भिंतीवर लावायला सांगते.

पत्रात तुम्ही स्वगताचा मजकूर दिलेला नाही, ते योग्यच केले. परंतु त्या दोन पानांत मारहाणीचा उल्लेख असेल, किंवा त्याहून गंभीर काही सूचित होत असेल, तर हा विषय कलेचा राहत नाही. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे तुम्ही स्वतः बोलून पुढे काय करायचे ते विचारू शकता. मुलांकडून घरचे काही लिहून घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी त्यांना सांगायला हवे की तुम्ही लिहिलेले मी कोणाला दाखवणार नाही, पण तुमच्या जिवाला धोका आहे असे दिसले तर मला ते मदत करू शकणाऱ्या मोठ्या माणसांना सांगावेच लागेल. हे आधी न सांगता गुप्ततेचे वचन देणे म्हणजे मोडावे लागणारे वचन देणे होय.

आता मंडळाकडे येऊ. येथे मी अध्यक्षांची बाजू घेते आहे असे वाटेल, पण थोडे थांबा. त्यांनी तुम्हाला व्यसनमुक्तीवर काहीतरी बसवायला सांगितले, म्हणजे दारू हा विषय त्यांना वर्ज्य नाही. त्यांना दारू हवी आहे, पिणारा माणूस नको आहे. अशा ‘चांगला संदेश देणाऱ्या’ नाटुकल्यांनी आपल्याकडच्या मंचांचा एरवीच कंटाळा आणला आहे : पहिल्या प्रवेशात बाटली, दुसऱ्यात आईचे रडणे, तिसऱ्यात बाप हात जोडून शपथ घेतो आणि पडदा. बघणाऱ्या बापांपैकी एकालाही त्यात आपण दिसत नाही, म्हणून सगळेच मोकळेपणाने टाळ्या वाजवतात. या प्रकाराला तुमचा विरोध आहे, त्यात मी तुमच्याबरोबर आहे.

मात्र अध्यक्ष त्या वस्तीत राहतात आणि तुम्ही राहत नाही. त्या मुलीचा बाप कसा आहे, शुद्धीत कसा असतो आणि घेतल्यावर काय करतो, हे त्यांना तुमच्याहून अधिक ठाऊक असण्याचा संभव आहे. ‘सणाच्या दिवशी नको’ या बोलण्यामागे मंडळाच्या अब्रूची काळजी असेल, पाहुण्यांची असेल, किंवा अवघडल्यामुळे नीट बोलता न आलेली त्या मुलीचीही असेल. तुम्ही त्यांना कारण विचारलेले पत्रात दिसत नाही; संहिता परत घेतली आणि घरी येऊन मला पत्र लिहिले. तेव्हा एकदा चहाच्या टपरीवर, संहिता बाजूला ठेवून, एवढेच विचारा की यातले नेमके कोणते पान तुम्हाला नको आहे.

माझा तर्क असा की त्यांचे उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पाहुणे येणार आहेत, असे ते म्हणाले. पाहुणे म्हणजे बहुधा परिसरातले पुढारी. पुढाऱ्यांना एका मजुराच्या दारूशी काय देणेघेणे असणार? त्यांना अवघड वाटेल ते रात्री दोन वाजताचे पाणी. वर गंगापूर धरण आहे, गावातून गोदावरी वाहते, आणि वस्तीतली तेरा वर्षांची मुलगी नळाची वाट पाहत मध्यरात्री हंडा धरून बसते. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे मंचावरून ऐकताना पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर चुळबुळ होणारच. तुमचे सगळे लक्ष स्वगतावर आहे. मंडळाशी देवघेव करताना ते स्वगत वाचवण्याच्या नादात तुम्ही पाण्याचा प्रवेश सहज सोडून द्याल, अशी मला भीती वाटते. मी तुम्हाला नेमके उलट सांगेन. स्वगत या मंचावर आणू नका आणि पाण्याच्या बाबतीत मागे हटू नका.

यात कचखाऊपणा आहे असे मला वाटत नाही. एका घरातले दुःख आणि वस्तीचे गाऱ्हाणे यांत फरक आहे. पाणी रात्री येते, नाल्याला वास मारतो, पूल नसल्याने वळसा घालून शाळेत जावे लागते, ही गाऱ्हाणी मांडल्याने कोणाच्याही लेकराला घरी जायची भीती वाटणार नाही. उलट मंडपातली प्रत्येक बाई मनातल्या मनात मान डोलावेल. मुले जे पाहतात ते बोलण्याचा त्यांचा हक्क इथे पूर्ण वापरता येतो आणि त्याची किंमत त्यांच्यापैकी एकट्यादुकट्याला मोजावी लागत नाही. सुटलेल्या शाळेचा प्रवेश या दोहोंच्या मध्ये येतो. ती मुलगी गटातच आहे की दुसरी कोणी, यावर ते अवलंबून आहे. गटाबाहेरची असेल तर तिची गोष्ट सांगण्याची परवानगी तिच्याकडून घेतली का, हेही पाहा.

मग त्या दोन पानांचे करायचे काय? इथे मला आपल्याच जिल्ह्याची आठवण होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या काळात आंबेडकरांचा विचार खेडोपाडी नेण्याचे मोठे काम जलशांनी, म्हणजे गाणी आणि संवादांतून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमांनी केले, आणि त्या जलशांतले एक ठळक नाव भीमराव कर्डक हे नाशिक जिल्ह्यातलेच. पुढे सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी गाण्यांतून तेच काम आयुष्यभर केले. त्याआधी फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलशांनी तमाशातल्या गण, गवळण, बतावणी (विनोदी संवाद), वग या ठेवणीचा उपयोग करून घेतला आणि आतला मजकूर बदलला. आंबेडकरी जलसा त्याच वाटेने पुढे गेला. बतावणीतला सावकार कुठल्याही गावचा असू शकतो, त्यामुळे ऐकणारा प्रत्येक गाव त्याला आपला समजतो, आणि सांगणाऱ्याला मात्र अमुक सावकाराचे नाव घ्यावे लागत नाही. आपल्या माणसांना ज्या गोष्टी उघड बोलणे परवडत नव्हते त्या त्यांनी सोंगातून बोलून दाखवल्या. एकनाथांच्या भारुडांतही बोलतात ते वासुदेव, जोशी, गोंधळी.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या गावांत होणारा बोहाडा पाहा. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून गावातलीच माणसे संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. कोणत्या सोंगाखाली कोण आहे हे गावाला माहीत असते, तरी मुखवटा असेपर्यंत त्याला कोणी घरच्या नावाने ओळखत नाही. तुमच्या मुलांना चित्रेही येतात असे तुम्ही लिहिले आहे. जुन्या पुठ्ठ्याचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे ती करू शकतील, आणि ते करताना दोन रविवार जातील तेवढ्यात या विषयावर मोकळेपणाने बोलणेही होईल.

स्वगताचे रूपांतर कसे होऊ शकते याची एक वाट सुचवते. चौदा जणांना विचारा की घरी कोणीतरी उशिरा येते तेव्हा तुम्हाला सर्वांत आधी काय ऐकू येते. कोणी म्हणेल चप्पल, कोणी कडी, कोणी कुत्र्याचे भुंकणे, कोणी शेजारच्या काकूंच्या दाराचा आवाज. हे आवाज एकामागून एक मुखवट्यातल्या मुलांनी तोंडाने काढायचे. मध्ये एखादी ओळ त्या मुलीच्या दोन पानांतली यावी, पण ती तिने नव्हे, तर सगळ्यांनी मिळून म्हणावी, आणि ‘माझे पप्पा’ ऐवजी ‘दार वाजते’ एवढेच म्हणावे. ब्राझीलचे रंगकर्मी अगस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी जी पद्धत रूढ केली, तिच्यात अनेकांचे अनुभव एकत्र करून एक प्रसंग उभा करतात आणि मग पाहणाऱ्यांपैकी कोणालाही तो थांबवून, आत येऊन, वेगळे काय करता आले असते ते करून दाखवू देतात. मंडपात एखाद्या आईने पुढे येऊन तो प्रसंग थांबवला, तर त्या संध्याकाळी आणखी काही होण्याची गरज उरणार नाही. पण तसे होईलच असे धरून चालू नका. पहिल्या प्रयोगाला बहुधा कोणी उठत नाही.

असे केल्याने मुलीचे लेखन ‘सौम्य’ होईल, ही तुमची शंका मला ऐकू येते. लेखन सौम्य होत नाही, ते घडवले जाते. दोन पाने जशीच्या तशी वाचणे ही नोंद झाली; त्यांतून वीस सेकंदांचा कडीचा आवाज शोधणे हे काम आहे, आणि ते काम शिकवण्यासाठीच तुम्ही दर रविवारी जाता. शिवाय मूळ दोन पाने कुठेही जात नाहीत, ती तिच्याजवळच राहतात. उद्या ती अठरा, वीस वर्षांची झाल्यावर, स्वतःच्या कमाईवर उभी राहिल्यावर, तिला ती जशीच्या तशी लोकांपुढे वाचाविशी वाटली तर तिने अवश्य वाचावीत.

आणि या सगळ्यानंतरही ती म्हणाली की नाही, मला माझ्याच तोंडून, माझेच म्हणायचे आहे? तर तिचे म्हणणे मोडीत काढू नका, श्रोते बदला. एखाद्या दुपारी समाजमंदिरातच, वस्तीतल्या आठ-दहा आयांसमोर, तिच्या आईला आधी सर्व सांगून आणि तिची तयारी असेल तरच, ते वाचता येईल. मात्र आईकडे तिच्या पाठीमागे जाऊ नका. आईला कधी, कसे आणि कोणी सांगायचे हे त्या मुलीने ठरवावे. तुम्ही सोबत असाल एवढेच.

कार्यक्रम दुसरीकडे करण्याचा तुमचा विचार मला फारसा पटत नाही. नाशिकमध्ये जागांची वाण नाही : १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे, गंगापूर रस्त्यावर कुसुमाग्रज स्मारक आहे, मोठा खर्च पेलत असेल तर कालिदास कलामंदिर आहे. या ठिकाणी तुम्हाला जाणकार प्रेक्षक मिळतील, कौतुक मिळेल, कदाचित वर्तमानपत्रात दोन ओळीही येतील. पण दुसऱ्या पाळीवरून सुटलेला बाप आणि चार घरची भांडी घासून आलेली आई रिक्षाचे पैसे मोजून तिथे येणार नाहीत. वस्तीबद्दलचे बोलणे वस्तीच्या गैरहजेरीत परक्यांना ऐकवले जाईल. गल्लीच्या तोंडाशी, कडेवर मूल घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला दिसेल असा मंच तुमच्याकडे आहे. तो सहजासहजी सोडू नका. पंधरा हजार रुपये मात्र लागतीलच असे नाही. पुठ्ठा, रंग, दोन हॅलोजन आणि वस्तीतल्याच कोणाचा तरी ढोल एवढ्यावर पाऊण तास उत्तम निघतो, आणि पैसे कमी घेतले की अटीही कमी येतात.

अध्यक्षांशी पुढची बोलणी तुम्ही एकट्याने करू नका. चौदांपैकी दोघा-तिघांना, त्यांच्या इच्छेने, बरोबर न्या आणि बोलू द्या. दीड वर्षात त्यांनी जे काही शिकले असेल त्याचा खरा कस तिथे लागेल. आपल्या ओळखीच्या मोठ्या माणसाला, आवाज न चढवता, ‘काका, पाण्याचा प्रवेश आम्हाला ठेवायचा आहे’ असे सांगणे मंचावरून बोलण्यापेक्षा अवघड असते. फ्लेक्सवर कोणाचे फोटो येणार, मुलांच्या कार्यक्रमाच्या मधोमध सत्कार होणार का, संहिता आणखी कोणाला दाखवायची, हे त्याच बैठकीत ठरवून साध्या कागदावर लिहून घ्या. मंडळाच्या मंचावर काय व्हावे हे ठरवण्याचा मंडळाला अधिकार आहे हे मान्य करा. मात्र एरवीच्या रविवारी मुलांनी खोलीत काय लिहावे हे मंडळ ठरवणार नाही, हेही त्यांच्याकडून मान्य करून घ्या. पाण्याचा प्रवेशही नको असे ते ठामपणे म्हणाले, तर यंदा मंच सोडा, खोली ठेवा, आणि उत्सव उलटल्यावर गल्लीतच, विनामंडप, परवानगी काढून तो करा.

किरकोळ पण विसरू नयेत अशा काही बाबी आहेत. मंडपात प्रत्येकाच्या हातात मोबाईल असेल, आणि मंचावरचा कार्यक्रम पाऊण तासात संपला तरी व्हॉट्सॲपवरचा संपत नाही. त्यामुळे जे चित्रित होऊन गावभर फिरले तर चालणार नाही ते मंचावर आणूच नये, कारण ‘चित्रीकरण करू नका’ ही विनंती आजवर कोणत्याही मंडपाने पाळलेली मी पाहिलेली नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना कार्यक्रमात काय आहे हे आधी कळलेले असावे. ध्वनिक्षेपकाची वेळ रात्री दहापर्यंत धरूनच कार्यक्रम आखा, आणि पाहुण्यांची भाषणे लांबतात हे गृहीत धरून मुलांचा क्रम आधी लावून घ्या. मुलांना नाल्याकडेची भिंत रंगवायची आहे असे तुम्ही ओझरते लिहिले आहे : ती भिंत ज्याच्या मालकीची आहे त्याची, आणि सार्वजनिक असेल तर महापालिकेची, लेखी परवानगी घेतल्याशिवाय ब्रश लावू नका. १९९५ सालचा मालमत्तेच्या विरूपणाविरुद्धचा राज्याचा कायदा हेतू चांगला आहे का ते विचारत नाही.

राहिली ती चार मुले. खरे सांगायचे तर तुमच्या पत्रातला हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तुम्ही तो शेवटी दोन ओळींत उरकला आहे. त्यांना ‘गंभीर विषयांकडे वळवायचे’ आहे, असे तुम्ही म्हणता. का? गरीब वस्तीतल्या मुलाने व्यक्त व्हायचे ते आपल्या हालअपेष्टांबद्दलच, हे कोणी ठरवले? कॉलेज रोडवरच्या सोसायटीतल्या मुलाने गणपतीत नाच बसवला तर आपण त्याला हौस म्हणतो. नासर्डीकाठच्या मुलाने तेच केले की आपल्याला वाटते, याला अजून जाण आलेली नाही. आठवडाभर शाळा, वडिलांच्या गाडीवर मदत आणि रात्रीचे पाणी यांतून वेळ काढून चौघेजण एका तालात पाय टाकायला शिकतात, आरशाविना, मोबाईलच्या पडद्यात पाहून. ते ज्या ईर्षेने हे करत असतील तीही त्यांच्या मनातलीच गोष्ट आहे. कदाचित त्या दहा मुलांनी गंभीर लिहिले ते ताईला आवडते म्हणून, आणि या चौघांनी तुमच्या आवडीनिवडीची पर्वा न करता आपल्याला काय हवे ते सांगितले. तुम्ही ज्याला मुलांचा आवाज म्हणता तो या चौघांनी तर तुमच्यासमोरच काढला होता.

त्यांना नाच करू द्या, आणि तो कार्यक्रमाच्या शेवटी तोंडी लावण्यासारखा ठेवू नका. तो पाण्याच्या प्रवेशाला लागून ठेवला तर? नाशिक ढोलाच्या ठेक्यावर रिकामे हंडे घेऊन चौघे नाचू लागले तर? हे मी उगाच सुचवून बसले. तुम्ही त्यांना हे सांगू नका. त्यांनाच विचारा की पाण्याच्या आधी नाचायचे की नंतर, आणि पाण्याचा प्रवेश त्यांना मुळात कसा वाटतो. येत्या रविवारी कागद बाहेर काढू नका. त्या चौघांना नाच दाखवायला सांगा, सगळ्यांनी पाहा, आणि तुम्हीही त्यांच्याकडून चार पावले शिकून घ्या. ताईला काहीतरी येत नाही, हे पाहण्याची संधी मुलांना फार क्वचित मिळते.

कार्यक्रमाचे नाव मी सुचवणार नाही. ते काम चौदा जणांचे आहे, आणि त्यांनी ठेवलेले नाव तुम्हाला अगदीच बाळबोध वाटले तरी फ्लेक्सवर तेच जाऊ द्या.